पित्तनलिकेचा कर्करोग आणि छेदाची कडा

यकृताच्या अंतर्भागातील पित्तनलिकांच्या अस्तरातून जो कर्करोग उद्भवतो, त्यातून रोगी बरा होण्याची आशा बहुतांशी एकाच गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे रोगग्रस्त भागासह यकृताचा पुरेसा अंश कापून काढणे. हे उच्छेदन पुरेसे झाले की नाही, याचा पहिला निर्णय शस्त्रक्रियागृहात होत नाही, तो विकृतिशास्त्रज्ञाच्या मेजावर होतो. काढलेल्या तुकड्याच्या कापल्या पृष्ठभागास शाई लावतात, त्याच्या चकत्या पाडतात आणि अर्बुदाच्या टोकापासून शाईपर्यंतचे सर्वांत कमी अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. कडेवर कर्करोगपेशी नसल्यास छेद ‘आर-०’, केवळ सूक्ष्मदर्शकास दिसणाऱ्या पेशी असल्यास ‘आर-१’ आणि उघड्या डोळ्यांना दिसणारा रोग मागे राहिला असल्यास ‘आर-२’ म्हणतात. या संज्ञांविषयीही सर्वत्र एकवाक्यता नाही. कोठे शाईस पेशी प्रत्यक्ष भिडल्या तरच कडा दूषित मानतात, तर कोठे अंतर १ मिलिमीटरहून कमी असले तरी ती दूषित धरतात. निरनिराळ्या रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवून पाहणाऱ्याने हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा.

कडा जितकी रुंद तितके आयुष्य अधिक, असे सहज वाटते. हे गृहीतक कोठवर टिकते, याची चांगली परीक्षा फ्रान्समधील अनेक शल्यविभागांनी मिळून केलेल्या आणि २०११ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाली. त्यात यकृतांतर्गत पित्तनलिका-कर्करोगाचे २१२ रुग्ण होते आणि २४ टक्के छेद ‘आर-१’ ठरले. सर्व रुग्ण एकत्र धरले असता दूषित कडा हा आयुर्मर्यादेचा स्वतंत्र निदर्शक ठरला नाही. परंतु रुग्णांची लसीकाग्रंथींनुसार विभागणी करताच चित्र पालटले. ज्या ७८ जणांच्या ग्रंथींत रोग पोचला होता, त्यांच्यात शुद्ध कडेनंतर मध्यक आयुर्मान १८ महिने आणि दूषित कडेनंतर १३ महिने आढळले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. उलट ग्रंथी निर्दोष असलेल्या १३४ जणांत दूषित कडा हा अशुभ परिणामाचा प्रबळ आणि स्वतंत्र निदर्शक ठरला. त्यांपैकी ज्या ११६ जणांचा छेद ‘आर-०’ होता, त्यांच्यात तर कडेची रुंदी आणि आयुर्मान यांचा क्रमच दिसून आला. १ मिलिमीटर वा त्याहून कमी कडेस १५ महिने, २ ते ४ मिलिमीटरांस ३६, ५ ते ९ मिलिमीटरांस ५७ आणि १० मिलिमीटर वा अधिक कडेस ६४ महिने.

कारणमीमांसा फारशी दुर्बोध नाही. ग्रंथींतील पेशी शस्त्रक्रियेच्या क्षेत्राबाहेर रोग गेल्याची साक्ष देतात. तेथे यकृताची आणखी एक पट्टी काढल्याने रोगाचा तो भाग हाती येत नाही. ग्रंथी शुद्ध असतील तर मात्र मुख्य धोका अर्बुदाच्या आसपासच्या प्रतिहारी शिरेच्या सूक्ष्म शाखांत आणि लहान उपअर्बुदांत दडलेला असण्याचा संभव अधिक. तो भाग रुंद छेदाने काढता येतो.

तरीही या मिलिमीटरांस अवाजवी नेमकेपणा देऊ नये. फॉर्मॅलिनमध्ये ऊतक आकसते. ध्वनितरंगांच्या उपकरणाने यकृत विभागताना मधली एक पट्टी शोषली जाते, त्यामुळे तुकड्यावर मोजलेली कडा रुग्णाच्या शरीरातील खऱ्या कडेहून कमी भरते. शिवाय कडेची रुंदी चिठ्ठ्या टाकून ठरविता येत नाही. अर्बुद मोठे असले किंवा यकृतशिरांना बिलगलेले असले म्हणजे कडा आपोआपच अरुंद होते. तेव्हा अरुंद कडा हे काही अंशी अपुऱ्या छेदाचे, तर काही अंशी मूळच्याच कठीण रोगाचे चिन्ह असते. आकड्यांतून या दोहोंची फारकत पूर्णपणे होत नाही.

यकृतद्वारापाशी उजवी व डावी नलिका जेथे मिळतात, तेथील कर्करोगाचा प्रश्न आणखी वेगळा. गेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ साली अशा १३ रुग्णांचे वर्णन केले, म्हणून ही अर्बुदे त्यांच्या नावाने ओळखली जातात. येथे रोग नलिकेच्या भित्तीतून आणि मज्जातंतूंच्या वेष्टनातून सरपटत जातो. पाठीमागे प्रतिहारी शिरेचा फाटा आणि बहुधा उजवी यकृतधमनी इतकी लगत असते की, १० मिलिमीटरांची गोष्ट बोलण्यास जागाच उरत नाही. १९९० साली नागोया येथील युजी निमुरा यांनी पुच्छखंडासह यकृतछेदनाची पद्धत मांडली, कारण त्या खंडाच्या नलिका या संगमापाशीच येऊन मिळतात. नलिकेचे टोक शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून तपासता येते. परंतु पित्तनिचरा-नळीमुळे आलेला दाह कर्करोगाचा भास निर्माण करू शकतो. शिवाय टोकाला नुसता अस्तरातच मर्यादित असलेला रोग आणि भित्तीत घुसलेला रोग यांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. पहिल्याचा उपद्रव बहुधा उशिरा दिसतो, दुसऱ्याचा लवकर.

रुंद छेदाची किंमत उरलेले यकृत देते. पुरेसे यकृत मागे न राहिल्यास रुग्ण शस्त्रक्रियेनंतर यकृतनिकामीपणाने दगावतो, आणि कावीळ झालेल्या यकृताची सहनशक्ती तर अगोदरच खालावलेली असते. यासाठी प्रतिहारी शिरेची एक शाखा आधी बंद करून दुसरी बाजू वाढू देण्याची युक्ती माकुउची व सहकाऱ्यांनी १९९० साली यकृतद्वाराच्या कर्करोगासंदर्भात मांडली. ती आज रुळली आहे.

शल्यज्ञास येथे दोन भये एकाच वेळी तोलावी लागतात आणि तोलण्याचे वजन लसीकाग्रंथी पुरवितात. म्हणूनच अमेरिकन संयुक्त समितीच्या कर्करोग-अवस्थानिर्धारणाच्या आठव्या आवृत्तीत यकृतांतर्गत अर्बुदासाठी निदान ६ ग्रंथी तपासण्याची शिफारस आहे. ग्रंथी न काढता केवळ ‘कडा ७ मिलिमीटर’ असा अहवाल हाती आला तर त्याचा अर्थ लावता येत नाही. ब्रिटनमधील ‘बिलकॅप’ चाचणीत ४४७ रुग्ण होते आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तिने शुद्ध व दूषित दोन्ही कडांचे रुग्ण घेतले होते. कॅपेसिटाबिन घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ५१.१ महिने, तर निव्वळ निरीक्षणाखालील रुग्णांचे ३६.४ महिने आढळले. सर्व रुग्णांच्या मूळ तुलनेत हा फरक संख्याशास्त्रीय मर्यादेच्या किंचित अलीकडेच राहिला. तरीही शस्त्रक्रियेनंतर सहा महिने हे औषध देण्याचा प्रघात त्यातूनच पडला.