पंक्चर आणि अनुमान

जळगाव-धुळ्याकडे बाभळीच्या काट्यानं पंक्चर होणं आपल्याला नवं नाही. पंक्चरवाला हवा भरलेली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवतो. बुडबुडे दिसले, की तिथं भोक. कार्यावरून कारण ओळखणं, न्यायशास्त्रातलं हे ‘शेषवत्’ अनुमान. पण मंडळी, भोक हेसुद्धा कार्यच ना? त्याचं कारण, म्हणजे काटा, अनेकदा टायरमध्येच रुतलेला असतो. तो पाण्यात दिसत नाही. म्हणून कसबी माणूस पॅच चिकटवून थांबत नाही. टायरच्या आतून बोटं फिरवतो, काटा उपटतो. नाहीतर चौकापर्यंत जाऊन पुन्हा तेच, आणि एमआयडीसीत सायकलनं जाणाऱ्याचा खाडा होतो. अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. त्याच खान्देशात आपण एवढं तरी विचारावं: ‘भाऊ, काटा काढला का?’