आजारपणाचा खाडा: पगार कापायचा की नाही?

वालूरच्याच एका दुकानदारानं विचारलं होतं, "माझ्याकडं चार पोरं कामाला आहेत. दर महिन्याला कुणी ना कुणी आजारी असतंच. पगार कापला तर सुधारतील का?" आजचा भाग त्याच्यावर. बोललेलं बरंचसं तसंच लिहून काढलंय.

आधी शब्द बघा. 'दांडी' म्हटलं की मुद्दाम मारलेली. 'खाडा' म्हणजे नुसती पडलेली खोट, मग दुधाचा असो की कामाचा. आपण मात्र खाड्याला दांडीचीच शिक्षा देतो.

खाडा कापल्यानं काय होतं, ते मराठवाड्यात ऊसतोडीत दिसलं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ऊस तोडून फेडायची. एक दिवस बसलं तर मजुरी तर जातेच, वर दंड. 2019 मध्ये बातम्या आल्या तेव्हा दिवसाला 500 रुपयांचा आकडा पुढं आला होता. पाळीच्या त्रासानं किंवा अंगावरून जात असल्यानं बाई बसली तरी खाडा. त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागं एक. याला एकटा खाडाच कारण नाही. लहान वयातलं लग्न, फडावर ना पाणी ना संडास, कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर, हे सगळं आहे. पण खाड्याची भीतीही त्यात होती. दंडामुळं आजार गेला नाही, तो अंगावर काढला गेला.

आता वालूरवरून वाळूजला चला. अक्षरं दोनच बदलतात, पण हिशेब पार वेगळा. आपली कितीतरी पोरं तिथल्या कंपन्यांत आहेत. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो. कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के. सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर पुढं आजारपणात सरासरी मजुरीच्या 70 टक्के मिळतात, वर्षात 91 दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत, आणि दाखला ईएसआयच्या डॉक्टरचा लागतो. ठेकेदाराकडं असाल तर स्लिपवर ही कपात दिसते का ते बघा. कार्ड नंबर स्वतःजवळ ठेवा.

आमच्या दुकानदाराला यातलं काहीच लागू नाही. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आठ दिवस किरकोळ रजा भरपगारी देतो, पण तो ठरावीक संख्येइतके कामगार असतील तिथं. चार पोरांच्या दुकानात जे करायचं ते मालकानं ठरवायचं.

माझं म्हणणं, एक वही करा. नाव, तारीख, वार आणि काय झालं होतं, एवढंच. एका दिवसासाठी डॉक्टरची चिठ्ठी मागू नका. सेलूला जाणं-येणं आणि तपासणी, यात त्याची दिवसभराची मजुरी जाते. तीन-चार दिवस झाले तर मागा. कामावर परत आला की दोन मिनिटं विचारा, "आता बरंय का? जड उचलवंल का?" उलटतपासणी नको.

वही महिना-दोन महिन्यांनी चाळा. चौघं एकाच आठवड्यात तापानं पडले असतील, तर आधी पाण्याची टाकी बघा, मागं डास होतायत का बघा. एकच जण दर सोमवारी गायब असेल तर आपण लगेच म्हणतो, रविवारची उतरली नाही. असेलही. पण आपला कापसाचा पट्टा आहे. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना बायसिनोसिस नावाचा फुफ्फुसाचा आजार होतो, आणि त्यात सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती जास्त आवळते. जिनिंगवाल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. असा माणूस दिसला तर त्याला छातीच्या डॉक्टरकडं पाठवा आणि तोंडाला नुसता रुमाल बांधायला सांगून सोडून देऊ नका. धूळ बाहेर ओढणारा पंखा बसवा.

आणि पगाराचं? महिन्याला एक दिवस आजारपणाचा भरपगारी द्या, न वापरलेला पुढं साठू द्या. हे कामाला घेतानाच सांगा, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर वाद होणार नाही.