नोंदवही ते डेटाबेस, लेखांक ११ : डॉक्युमेंटेशनमध्ये शोधायचे कसे?

मागच्या आठवड्यात आपण श्रीगोंद्यातल्या एका कल्पित विकास सोसायटीचे सभासद रजिस्टर पोस्टग्रेस-क्यूएलमध्ये उतरवले. नाव, गाव, गट नंबर, ऊस नागवडे कारखान्याला जातो की कुकडीला, असे सगळे रकाने तयार झाले. आता वार्षिक सभेसाठी वर्णानुक्रमे यादी हवी आहे. यादी छापून निघते आणि सचिव पहिल्याच पानावर बोट ठेवतात : “अरे, क्षीरसागर कोल्ह्यांच्या खाली आणि खामकरांच्या वर कसे? क्ष तर शेवटी येतो. आणि काळे हे कावरे, कासार यांच्या आधी?”

सचिवांचे बरोबर आहे. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’च्या नंतर येतात. युनिकोडमध्ये मात्र ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढे आहे आणि ‘क्ष’ हे क, हलन्त चिन्ह व ष यांची जोडणी म्हणून साठवले जाते. डेटाबेस बनवताना लोकेल (भाषा-प्रदेशाच्या नियमांची निवड) म्हणून ‘सी’ निवडले गेले असेल, तर यादी त्याच क्रमाने लागते. चूक का झाली हे कळले. पण ती दुरुस्त कशी करायची, हे कुठे लिहिलेले असेल?

पोस्टग्रेसचे डॉक्युमेंटेशन मोफत आहे, पीडीएफमध्येही मिळते आणि ते दोन हजारांहून अधिक पानांचे आहे. पहिल्या पानापासून वाचायला घेतले, तर सभा होऊन जाईल. शोधखिडकीत ‘मराठी यादी’ असे टाकून फारसे काही हाती लागणार नाही. खरी अडचण अशी की आपल्या प्रश्नाला त्या पुस्तकात काय म्हणतात, हे आपल्याला माहीत नसते. तलाठी कार्यालयात गट नंबर घेऊन गेलेल्याचे काम लवकर होते, नुसते ‘ओढ्याजवळचे रान’ म्हणणारा ताटकळतो, इथेही तसेच. म्हणून आधी तो शब्द मिळवायचा.

तो मिळवण्याची माझी ठरलेली वाट आपल्या हातातल्या आज्ञेपासून सुरू होते. यादी आपण ‘सिलेक्ट’ने काढली आणि क्रम ‘ऑर्डर बाय’ने लावला. या पुस्तकाचे मोठे भाग आहेत : शिकवणी, एसक्यूएल भाषा, सर्व्हरची देखभाल, प्रोग्रामरांसाठीचे भाग, संदर्भ विभाग, अंतर्गत रचना आणि परिशिष्टे. संदर्भ विभागात प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान आहे. तिथे ‘सिलेक्ट’चे पान उघडा आणि थेट ‘ऑर्डर बाय’च्या परिच्छेदावर या. त्याच्या शेवटाकडे म्हटले आहे की अक्षरी मजकुराचा क्रम त्या रकान्याला लागू असलेल्या ‘कोलेशन’नुसार लागतो आणि ‘कोलेट’ लिहून तो बदलता येतो. आपल्याला हवा होता तो हा शब्द. पुढच्या प्रकरणांचे दुवेही त्याच वाक्यापाशी आहेत.

त्यातला एक दुवा ‘लोकलायझेशन’ या प्रकरणात नेतो. हे प्रकरण सर्व्हरच्या देखभालीत ठेवलेले आहे; यादी काढणारा माणूस आपणहून तिकडे फिरकलाच नसता. तिथे कळते की आयसीयू या सॉफ्टवेअर लायब्ररीची कोलेशने वापरता येतात. ही सोय २०१७ साली आवृत्ती १० पासून आली. उपलब्ध कोलेशनांची यादी ‘पीजी-कोलेशन’ या तक्त्यात असते. तो तक्ता आपल्या संगणकावर उघडला की मराठीसाठी ‘एमआर-एक्स-आयसीयू’ सापडते. ‘ऑर्डर बाय’मध्ये रकान्याच्या नावापुढे ‘कोलेट’ आणि हे नाव अवतरणचिन्हांत लिहायचे. आधी काळे, कावरे, कासार, कोल्हे, क्षीरसागर, खामकर एवढ्याच नावांच्या छोट्या तक्त्यावर करून बघा. पुस्तकात वाचलेले लगेच चालवून पाहिल्याशिवाय ते आपले होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

काम झाले म्हणून पान मिटू नका. या कोलेशनवर कायमचा इंडेक्स बांधायचा विचार असेल, तर ‘ऑल्टर कोलेशन’चे पानही वाचा. आयसीयूची आवृत्ती बदलली की क्रमाचे नियम बदलू शकतात आणि जुने इंडेक्स पुन्हा बांधावे लागतात, हा इशारा तिथे आहे. इशाऱ्यांच्या आणि सूचनांच्या चौकटी घाईत ओलांडल्या जातात. मी तर पान उघडल्यावर आधी त्याच वाचतो.

आता आवृत्तीचे. गूगलवरून आलात तर कधीकधी जुन्या आवृत्तीचे पान समोर येते. आपल्याकडे काय चालू आहे, ते ‘सिलेक्ट व्हर्जन’ विचारून पाहा. आवृत्ती १० पासून पहिला आकडाच मुख्य मानायचा, त्याआधी ९.५ आणि ९.६ या वेगवेगळ्या मुख्य आवृत्त्या होत्या. पानाच्या माथ्यावर आवृत्त्यांचे दुवे असतात, त्यातला आपला निवडा. प्रकरणांचे क्रमांक आवृत्तीगणिक सरकतात, म्हणून वहीत क्रमांक न टिपता शीर्षक टिपा. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनाही हीच काळजी घ्यावी लागते, ५.७ आणि ८.० यांच्या पुस्तिका वेगळ्या आहेत.

आज्ञेच्या पानावर सुरुवातीलाच तिची रचना असते. चौकोनी कंसातले ऐच्छिक, महिरपी कंसात उभ्या रेघांनी वेगळे केलेल्यांपैकी एक घ्यायचेच, तीन टिंबे म्हणजे आधीचे पुन्हा लिहिता येते. एवढे ध्यानात ठेवले तर हे पान डोळ्यांना जड जात नाही. नेट नसेल तर पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला आज्ञा टाइप करून देण्याच्या खिडकीत) बॅकस्लॅश, एच आणि आज्ञेचे नाव टाका. हीच रचना पडद्यावर येते.

प्रश्न त्रुटीच्या संदेशाचा असेल तर वाट आणखी जवळची. एकच सभासद क्रमांक दोनदा भरला की सर्व्हर नकार देतो. त्या नकाराचा संकेतांक २३५०५. पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅशपुढे ‘एररव्हर्बोज’ लिहिले की तो दिसतो आणि परिशिष्ट ‘ए’मध्ये सगळे संकेतांक गटवार दिलेले आहेत. संदेशाची भाषा सर्व्हरच्या मांडणीनुसार बदलू शकते, संकेतांक बदलत नाही. शोधताना तोच वापरा.

पुढच्या आठवड्यात ऊस बिलाच्या रकमा घेऊ. तोवर ‘डेटा टाइप्स’ प्रकरणातला आकड्यांचा भाग वाचून ठेवा आणि पैशांसाठी ‘रिअल’ न घेता ‘न्यूमरिक’ का घ्यायचे, ते कुठल्या परिच्छेदात सांगितले आहे, हे शोधून काढा.