घरात प्रोजेक्टर लावताय? बॉक्सवरचे लुमेन सोडा, आधी या गोष्टी बघा

रील्स बघता बघता ही जाहिरात तुमच्याही समोर आली असेल. अंधारी बेडरूम, टेबलावर छोटासा पांढरा डबा आणि समोर भिंतभर चाललेला सिनेमा. खाली किंमत पाच-सात हजार. त्यात क्रिकेटची फायनल तोंडावर आलेली असली की बोट आपोआप 'बाय नाऊ' वर जातं.

घ्यायला हरकत काहीच नाही. पण प्रोजेक्टर म्हणजे मोठा टीव्ही नव्हे, हे आधी डोक्यात बसवावं लागतं. टीव्हीचा पडदा स्वतः उजळतो. प्रोजेक्टर हा एक प्रखर दिवा आहे, ज्याचा उजेड तुम्ही भिंतीवर फेकताय. दिवा म्हटलं की खोलीतला बाकीचा उजेड आला, उष्णता आली आणि त्या दिव्यात बघणारे डोळेही आले. प्रोजेक्टर घेतलेल्यांच्या बहुतेक तक्रारी आणि बहुतेक धोके इथूनच सुरू होतात.

१२ हजार लुमेन म्हणजे नक्की किती?

स्वस्त प्रोजेक्टरच्या बॉक्सवर ८ हजार, १२ हजार, कधीकधी १८ हजार लुमेन असं छापलेलं असतं. हे लुमेन कसे मोजले, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. विश्वास ठेवावा असा आकडा म्हणजे अ‍ॅन्सी लुमेन किंवा आयएसओ लुमेन. अ‍ॅन्सी पद्धतीत पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येक भागावर पडलेला उजेड मोजतात आणि त्याची सरासरी काढतात. म्हणजे जो उजेड प्रत्यक्ष भिंतीपर्यंत पोचला, तोच धरायचा. पाच-सात हजारांच्या प्रोजेक्टरचा असा प्रामाणिक आकडा बहुतेक वेळा १५० ते ३०० च्या आसपास निघतो.

आता तुमच्या हॉलमधली २० वॅटची एलईडी ट्यूब घ्या. ती साधारण २००० लुमेन उजेड देते. ट्यूबचा उजेड खोलीभर पसरतो आणि प्रोजेक्टरचा एकाच भिंतीवर पडतो, हे खरं. तरी कुस्ती कुणाची कुणाशी आहे ते लक्षात येईल.

शिवाय प्रोजेक्टरला काळा रंग फेकताच येत नाही. काळा म्हणजे उजेड नसणं. त्यामुळे ट्यूब चालू असताना समोरची भिंत जितकी पांढरी दिसते, तितकाच तुमच्या सिनेमातला सगळ्यात गडद काळा असतो. रात्रीचे सीन राखाडी धुक्यासारखे दिसतात ते यामुळे. प्रोजेक्टर बदलून यात फार फरक पडत नाही, खिडकीला ब्लॅकआउट पडदा लावून पडतो. तो पडदा प्रोजेक्टरच्या किमतीच्या मानाने किरकोळीत येतो, आणि पैसे मोजके असतील तर आधी तो घ्यावा असं आमचं मत.

दुसरा उपाय फुकटातला आहे, चित्र लहान करा. १२० इंचांचं चित्र ८० इंचांवर आणलं की तोच उजेड कमी जागेत पडतो आणि चित्र सव्वादोन पट उजळ होतं. लोक नेमकं उलटं करतात. भिंत आहे म्हणून भिंतभर ताणतात आणि मग म्हणतात, फिकं दिसतंय.

बॉक्सवरचा आणखी एक फसवा शब्द म्हणजे 'फोर के सपोर्टेड'. याचा अर्थ एवढाच की फोर केची फाइल दिली तर प्रोजेक्टर ती वाचेल. दाखवताना तो स्वतःच्या कुवतीएवढीच दाखवणार. ही कुवत 'नेटिव्ह रिझोल्युशन' या ओळीत लिहिलेली असते. तिथे १९२० गुणिले १०८० असेल तर ठीक, १२८० गुणिले ७२० असेल तर क्रिकेटचा स्कोअर वाचताना डोळे बारीक करावे लागतील.

दहा बाय बाराच्या खोलीत किती इंच बसतात?

याचं उत्तर 'थ्रो रेशो' नावाच्या आकड्यात आहे. लेन्सपासून भिंतीचं अंतर भागिले चित्राची रुंदी, इतकं सोपं. १०० इंचांच्या चित्राची रुंदी साधारण सव्वासात फूट असते. थ्रो रेशो १.२ असेल तर प्रोजेक्टर पावणेनऊ फुटांवर ठेवावा लागेल, १.५ असेल तर जवळपास अकरा फुटांवर. मागे प्लगला आणि हवेला जागा सोडायची, वर पलंग, कपाट आहेच. म्हणजे दहा फुटांच्या बाजूने लावायचा असेल तर १.५ वाला उपयोगाचा नाही. हे गणित ऑर्डर करण्याआधी मोजपट्टी घेऊन करायचं असतं.

प्रोजेक्टर भिंतीच्या समोर, शक्य तितका सरळ ठेवा. तिरका ठेवला की चित्र एका बाजूला फाकतं. मग 'ऑटो कीस्टोन' ते चौकोनी करतं, पण त्यासाठी चित्र आतल्या आत आक्रसून घेतं आणि काही पिक्सेल वायाच जातात. थोडं तिरकं असेल तर चालून जातं. कोपऱ्यातून मारलेलं चित्र मात्र मऊ आणि पुसट दिसतं.

भिंत पांढरी आणि मॅट हवी. ऑइल पेंटची भिंत चकाकते आणि मध्येच उजेडाचा ठिपका दिसतो. चादर बांधायची हौस बहुतेकांना असते, पण पातळ चादरीतून निम्मा उजेड मागे जातो आणि पंख्याच्या वाऱ्याने हिरोचं तोंड हलत राहतं ते वेगळंच.

आता डोळ्यांचं

हा भाग घाईत वाचू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

भिंतीवरून परतणारा उजेड पसरलेला असतो, त्याने डोळ्यांना इजा होत नाही. प्रश्न लेन्समध्ये थेट बघण्याचा आहे. तिथे तोच सगळा उजेड एका छोट्या ठिपक्यातून बाहेर पडत असतो आणि आपल्या डोळ्याचं भिंग तो ठिपका आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर नेमका गोळा करतं. त्यात खोली अंधारी. उजेडात आपली बाहुली दोन-तीन मिलीमीटरची असते, अंधारात ती सहा-सात मिलीमीटरपर्यंत उघडते. म्हणजे आत जाणारा उजेड कितीतरी पट वाढतो. रेटिना भाजली तरी दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

मोठा माणूस असा उजेड डोळ्यात गेला की साधारण पाव सेकंदात डोळे मिटतो किंवा मान फिरवतो. सुरक्षेचे नियम हेच गृहीत धरून बनलेत. प्रोजेक्टरच्या उजेडासाठी आयईसी ६२४७१-५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार मशीनवर 'आरजी२' असं लेबल असेल तर अर्थ असा, की चुकून नजर गेली तर चालेल, टक लावून बघायचं नाही. 'आरजी३' हा गट घरगुती वापरासाठी नाहीच. जुना मोठा हॉलचा प्रोजेक्टर कुणी स्वस्तात देत असेल तर हे लेबल आधी शोधा.

लहान मुलं पाव सेकंदात नजर वळवतीलच असं नाही. हा रंगीत उजेड येतो कुठून, हे बघायला ती लेन्सपाशी तोंड नेतात. म्हणूनच कंपन्यांच्या माहितीपत्रकात मुलांवर लक्ष ठेवा असं वेगळं लिहिलेलं असतं. साधा उपाय म्हणजे उंची. लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या वर राहील अशा फळीवर प्रोजेक्टर ठेवा आणि किरणांच्या वाटेत बसायची, खेळायची जागा येऊ देऊ नका. भिंतीला चिकटून खालून वर चित्र फेकणारे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर या बाबतीत जास्त जपावे लागतात, कारण त्यांची काच वरच्या बाजूला आणि बरोबर रांगत्या-चालत्या पोराच्या उंचीवर असते. चांगल्या मॉडेलमध्ये कुणी जवळ आलं की उजेड मंद करणारा सेन्सर असतो. तो सेटिंगमध्ये चालू आहे ना, ते बघून घ्या.

आणि फोकस लावताना आपण मोठेही हमखास समोरून वाकून लेन्सकडे बघतो. फोकस मागे उभं राहून, भिंतीकडे बघत लावायचा.

उष्णता, पीओपी आणि लाइट जाणं

प्रोजेक्टर एका बाजूने हवा आत घेतो आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा सोडतो. गादीवर किंवा सोफ्यावर ठेवला की खालच्या जाळ्या दबतात. शोकेसच्या कप्प्यात कोंबला की तीच गरम हवा पुन्हा आत जाते. कडक टेबल आणि चारी बाजूंनी निदान फूटभर मोकळी जागा, एवढं पुरतं. पंखा अचानक मोठ्याने ओरडायला लागला की चित्र बघत बसू नका, जाळीला हात लावून बघा.

मध्येच कुणी आलं, फोन आला की काही जण चालू प्रोजेक्टरच्या लेन्ससमोर पुस्तक ठेवतात किंवा टोपण लावतात. असं अजिबात करू नका. अडवलेला उजेड उष्णता होऊन त्या वस्तूतच साठतो, प्लॅस्टिक वितळतं, कागद-कापड पेटूही शकतं. याची उलटी बाजूही आहे. टोपण न लावता प्रोजेक्टर खिडकीच्या दिशेने ठेवला आणि लेन्समध्ये थेट ऊन गेलं, तर तीच लेन्स भिंगासारखं काम करते आणि आतलं पॅनेल जाळते. मशीन बंद असलं तरी.

छताला लटकवायचा असेल तर स्क्रू स्लॅबमध्येच गेला पाहिजे, चांगल्या अँकरने. पीओपीचं सिलिंग वजन धरण्यासाठी नसतं आणि प्रोजेक्टरच्या खाली नेहमी कुणीतरी बसलेलंच असतं. वायर जाण्या-येण्याच्या वाटेतून नेऊ नका, भिंतीकडेने घ्या. अंधारात पहिला पाय त्यातच अडकतो.

जुना, सेकंड हँड ऑफिसचा प्रोजेक्टर घेणार असाल तर त्यात बहुतेक मर्क्युरी लॅम्प असतो. तो कमालीचा तापतो, म्हणून बटणाने बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ चालतो. पंखा थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही. आपल्याकडे लाइट मध्येच जाते तेव्हा नेमकं हेच होतं, लॅम्प तापलेला आणि पंखा बंद. अशाने लॅम्पचं आयुष्य घटतं. ज्या गावात भारनियमन नेहमीचं आहे तिथे या मशीनला छोटा यूपीएस जोडलेला बरा. घ्यायच्या आधी मेन्यूमध्ये जाऊन 'लॅम्प अवर्स' बघा. हे लॅम्प साधारण तीन ते पाच हजार तास टिकतात आणि नवा लॅम्प पुष्कळदा त्या जुन्या प्रोजेक्टरपेक्षा महाग पडतो. लॅम्प फुटला तर मोठा आवाज होतो आणि थोडा पारा वाफ होऊन बाहेर येतो. अशा वेळी प्लग काढा, खिडक्या उघडा, सगळ्यांना खोलीबाहेर काढा. एलईडी प्रोजेक्टरमध्ये ही भानगड नाही.

वायफायला जोडण्याआधी

हा धोका दिसत नाही म्हणून बहुतेकांच्या गावीही नसतो. ५ जून २०२५ ला अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या प्रकरणाबद्दल इशारा दिला. विकायला येण्याआधीच, किंवा सेटअप करताना डाउनलोड होणाऱ्या अ‍ॅपमधून, काही स्वस्त उपकरणांत चोरटं सॉफ्टवेअर शिरतं आणि मग तुमचं घरचं इंटरनेट वापरून गुन्हेगार आपले उद्योग करतात. त्या यादीत टीव्ही बॉक्स होते, डिजिटल फोटो फ्रेम होत्या आणि डिजिटल प्रोजेक्टरही होते. पुढच्याच महिन्यात गूगलने यामागच्या लोकांवर न्यूयॉर्कमध्ये खटला भरला. बाधित उपकरणांचा आकडा होता एक कोटीहून जास्त.

ओळखायचं कसं? प्ले स्टोअरऐवजी भलतंच अ‍ॅप स्टोअर दिसतंय, सेटअप करताना 'प्ले प्रोटेक्ट बंद करा' असं सांगितलं जातंय, किंवा सगळे ओटीटी फुकट दिसतील असं आमिष आहे, यातलं काहीही असलं तरी तो प्रोजेक्टर वायफायला जोडूच नका. एचडीएमआयला नामांकित कंपनीची टीव्ही स्टिक लावा आणि इंटरनेट फक्त स्टिकला द्या.

याने दुसरं दुखणंही जातं. मोबाइलवरून मिररिंग केलं की आवाज येतो पण चित्र काळं राहतं, असा अनुभव नेटफ्लिक्सवर अनेकांना येतो. त्यात प्रोजेक्टर बिघडलेला नसतो, कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप असतं ते. स्टिकवरून तेच नीट दिसतं. फक्त स्टिकला वीज तिच्याच अ‍ॅडॅप्टरमधून द्या, प्रोजेक्टरच्या यूएसबीतून पुरेशी मिळत नाही आणि स्टिक सारखी बंद-चालू होत राहते. स्पीकर ब्लूटूथने जोडल्यावर ओठ आधी आणि आवाज मागून येत असेल तर साध्या ऑक्स वायरने जोडा.

आणि ऑनलाइन मागवला असेल तर रिटर्नची मुदत आहे तोवर एक पूर्ण, अडीच-तीन तासांचा सिनेमा सलग लावून बघा. पहिल्या दहा मिनिटांत सगळेच प्रोजेक्टर चांगले दिसतात. तापल्यावर फोकस हलतो का, कोपऱ्यातली अक्षरं वाचता येतात का, पंख्याचा आवाज हळू संवादांवर चढतो का, हे शेवटच्या तासात कळतं. एकदा पूर्ण काळी स्क्रीनही लावा. आत धूळ गेली असेल तर भिंतीवर उजळ, पुसट ठिपके दिसतील. असे ठिपके दिसले तर मशीन उघडायला जाऊ नका, तसाच पॅक करून परत पाठवा.