पहिली बिअर कुठली करावी? आधी खोलीत थर्मामीटर ठेवा

"ताई, घरी बिअर करायचीय. किंगफिशरसारखी, हलकी, सोपी. किती दिवस लागतील?"

लीड्सला एमएस्सी करायला आलेल्या माझ्या मावसभावाचा हा मेसेज. मी यीस्टवर पीएचडी करते म्हणजे दोन ओळींत उत्तर देईन, असं त्याला वाटलं असावं. मी उलट विचारलं, "तुझ्या खोलीत रात्री तापमान किती असतं?" त्यावर नुसतं प्रश्नचिन्ह आलं. म्हणून ही पोस्ट.

आधी कायद्याचं सांगून टाकते. ब्रिटनमध्ये घरी स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. फक्त ती विकायची नाही. महाराष्ट्रात तसं नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे आणि त्यात बिअरही आली. तेव्हा पुण्या-नाशिकच्या मंडळींनी हे विज्ञान म्हणून वाचावं.

आता 'हलकी म्हणजे सोपी' या समजाकडे येऊ. प्यायला हलकी असलेली बिअर करायला सगळ्यात अवघड असते. किंगफिशर ही लागर आहे, आणि लागरचं यीस्ट थंडीतलं. त्याला साधारण ८ ते १३ अंश सेल्सियस लागतात, तेही रात्रंदिवस एकसारखे, आणि पुढे कित्येक आठवडे शून्याच्या आसपास मुरवत ठेवावं लागतं. 'लागर' या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी साठवण. शिवाय चव इतकी साधी, की एक चूक झाली तरी लगेच जिभेला कळते. पातळ वरणात मीठ जास्त झालं तर लपत नाही, तसंच.

लागरच्या यीस्टला थंडी का मानवते, याची गोष्ट मला फार आवडते. ते दोन जातींचं संकरित अपत्य आहे. एक पालक म्हणजे पाव आणि एल बिअर करणारं आपलं नेहमीचं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए. दुसरा पालक कोण, हे कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. २०११ साली दिएगो लिबकिंड आणि सहकाऱ्यांना तो अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात, दक्षिणी बीच झाडांवरच्या गाठींमध्ये सापडला. त्याचं नाव ठेवलं सॅकरोमायसिस युबायानस. थंडी सोसायचा गुण त्याच्याकडून आला. बव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती, त्यामुळे सगळं आंबवणं हिवाळ्यात व्हायचं. अशा ठिकाणी थंडीत काम करणारं यीस्ट टिकून राहिलं, यात नवल नाही.

एलचं यीस्ट मात्र १८ ते २० अंशांवर खूश असतं. म्हणजे माणूस स्वेटर घालून बसतो त्या खोलीत. म्हणून पहिली बिअर एल. त्यातही मी इंग्लिश बिटर सुचवते: तांबूस, थोडी कडवट, फार फेस नसलेली. खूप हॉप्सची आयपीए पहिल्यांदा करू नका, बाटलीत भरताना हवा लागली की तिचा सुगंध काही दिवसांत उतरतो. आणि सेझॉन नावाच्या बेल्जियन बिअरपासूनही लांब राहा. त्याचं कारण बाटल्या फुटण्याशी संबंधित आहे, ते थोड्या वेळाने.

बिअरचा पाया माल्ट. माल्ट म्हणजे बार्लीला मोड आणून, वाळवून, भाजून ठेवलेलं धान्य. नाचणीचं सत्त्व करताना आपण मोड का आणतो? मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं, ते पिठूळपणाचे लांब धागे तोडतं. म्हणून मोडाच्या नाचणीची पेज पातळ राहते आणि गोडसर लागते. ब्रूअर हेच बार्लीकडून करून घेतो. पहिल्या वेळी ही पायरी आपण करायची गरज नाही. माल्टचा अर्क पावडरच्या रूपात तयार मिळतो. याला काहीजण नाकं मुरडतात. मुरडू देत.

अर्क पाण्यात विरघळला की जे गोड पाणी होतं त्याला वर्ट म्हणतात. त्यात मुख्यतः तीन साखरा असतात: ग्लुकोज, म्हणजे एक कडी, माल्टोज, दोन कड्या, आणि माल्टोट्रायोज, तीन कड्या. सर्वात जास्त असते ती माल्टोज. यीस्ट या तिन्ही एकदम खात नाही. आधी ग्लुकोज संपवतं. ग्लुकोज भरपूर असेपर्यंत माल्टोज आत घेणारे जीन्स बंदच ठेवतं. मग माल्टोज, आणि सगळ्यात शेवटी, रेंगाळत, माल्टोट्रायोज. लग्नाच्या पंगतीत जिलेबी आधी उचलणारं पोर डोळ्यांसमोर आणा.

माल्टोट्रायोज खाणं ही सगळ्या यीस्टना जमणारी गोष्टही नाही. पॅटागोनियातल्या त्या मूळ युबायानसला ती जमत नाही. २०१६ साली बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या केव्हिन व्हर्स्ट्रेपेन यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी १५७ यीस्टचे जीनोम वाचले, तेव्हा बिअरच्या यीस्टमध्ये माणसाळल्याच्या स्पष्ट खुणा दिसल्या, आणि माल्टोट्रायोज पचवणं ही त्यातली एक. आपण कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला विरजण लावतो, तसं ब्रूअर लोक शतकानुशतकं जुन्या बिअरचं यीस्ट नव्या वर्टमध्ये घालत आले. जे वर्टमध्ये चांगलं वाढलं तेच पुढे गेलं.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. माझी पहिली बिअर केली तेव्हाही होतं.

जानेवारीचा महिना. आमच्या घराचं हीटिंग रात्री दहाला बंद व्हायचं आणि स्वयंपाकघर पहाटे १४ अंशांवर यायचं. पहिले तीन दिवस एअरलॉकमधून बुडबुड आवाज येत होता, पाचव्या दिवशी थांबला. सहाव्या दिवशी मी बाटल्या भरल्या, वर फेसासाठी साखरही घातली. हायड्रोमीटर घेतला नव्हता. बारा पाउंड वाचवले होते. तीन आठवड्यांनी ऊन पडलं, घर तापलं, आणि एका रात्री तांदळाच्या डब्याशेजारी स्फोट झाला. दोन बाटल्या फुटल्या. एक काच कपाटाच्या दारात रुतून बसली होती, साधारण माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर. त्या वेळी दार बंद होतं आणि मी झोपले होते, एवढंच.

उरलेल्या बाटल्या जाड हातमोजे आणि लॅबचा गॉगल घालून, टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दोन दिवसांनी एकेक करून उघडल्या. एका बाटलीतले थेंबभर लॅबमध्ये साखरा मोजायच्या मशीनवर चालवले. ग्लुकोज नाही, माल्टोज जवळपास नाही, माल्टोट्रायोज अजून शिल्लक. माझ्याच प्रबंधाचा विषय माझ्याच कपाटात फुटला होता. थंडीने यीस्ट सुस्तावलं, बुडबुडे थांबले, आणि मी त्याचा अर्थ 'संपलं' असा घेतला. ऊब मिळताच त्याने राहिलेली पंगत उरकली, फक्त या वेळी झाकण बंद होतं.

हिशोब बघा. लिटरमागे ४ ग्रॅम साध्या साखरेपासून बिअरमध्ये जवळपास तिच्याच आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बिटरला एकूण दोन पट पुरतो, आणि त्यातला सुमारे पाऊण पट आंबवताना आधीच विरघळलेला असतो. वर्टमध्ये लिटरमागे १० ते १५ ग्रॅम माल्टोट्रायोज राहून गेली, तर ती एकटीच आणखी अडीच ते चार पट वायू तयार करते. साधी बिअरची बाटली यासाठी बनवलेली नसते. सेझॉनचं तेच: तिच्या काही यीस्टमध्ये एसटीए१ नावाचा जीन असतो, त्यामुळे इतर यीस्ट सोडून देतात त्या लांब साखळ्याही ते सावकाश तोडून खात राहतं, बाटलीत गेल्यावरसुद्धा.

म्हणून हायड्रोमीटर. दुधात पाणी आहे का बघायच्या लॅक्टोमीटरचाच हा भाऊ. साखर जास्त तर वर तरंगतो, साखर दारूत बदलत गेली की खाली बुडतो. खाली दिलेल्या मापाने केलं तर सुरुवातीला १.०४४ च्या आसपास आकडा येईल आणि शेवटी १.०११ च्या जवळपास. एअरलॉक फक्त एवढं सांगतो की आत्ता वायू बाहेर पडतोय की नाही. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजून आकडा तोच आला, तरच बाटल्या भरायच्या. माझ्या जानेवारीसारखा तो १.०२० वर अडला असेल, तर दोनदा तोच आला तरी भरू नका. डबा उबदार जागी नेऊन ठेवा.

भावाला सांगितलेली कृती पाच लिटरची आहे. बिघडली तर सिंकमध्ये ओतताना जीव जळू नये इतकीच. सहा लिटर पाण्यात ६०० ग्रॅम फिकट माल्ट अर्काची पावडर, गाठी मोडेपर्यंत ढवळून. उकळी येताना फेस दुधासारखा उतू जातो, तिथून हलू नका. उकळी आली की १० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स, तासभर उकळायचं, शेवटची दहा मिनिटं राहिली की आणखी ५ ग्रॅम. आटून पाच लिटर उरतं. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांपर्यंत गार करायचं. इथून पुढे वर्टला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं. चमचा, नळी, झाकण, सगळं. मग ३ ग्रॅम सुकं इंग्लिश एल यीस्ट वर भुरभुरायचं आणि डबा १८ ते २० अंशांत दोन आठवडे ठेवायचा. घाई नाही. रात्री खोली गार होत असेल तर डबा पाण्याच्या मोठ्या बादलीत ठेवा, पाणी हळू तापतं आणि हळू थंड होतं. बाटल्या भरताना सगळ्या पाच लिटरला मिळून २५ ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात उकळून. भरलेल्या बाटल्या झाकणाच्या पेटीत दोन आठवडे, मग फ्रिज.

भावाने थर्मामीटर घेतला. त्याच्या खोलीत पहाटे १५ निघाले, म्हणून डबा आता बादलीत, बादली बॉयलरच्या कपाटात. काल बाराव्या दिवशी त्याचा मेसेज आला: "ताई, आवाज बंद झाला! भरू का?"

आकडा विचारला. १.०१६. "शुक्रवारी परत मोज," म्हटलं.