कामातील वेळेचे दडपण : कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य आणि कार्यसमरसता

बीजसंज्ञा : वेळेचे दडपण, कार्यसमरसता, बर्नआउट, कामावरील नियंत्रण, उत्तरपत्रिका मूल्यांकन

प्रस्तावना

कोणतेही संघटित काम मुदतीशिवाय चालत नाही. बँकेचा वार्षिक ताळेबंद, कारखान्यातील मालाची रवानगी, विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांची तपासणी या सर्वांना कालमर्यादा असते. मात्र नेमून दिलेले काम हाती असलेल्या वेळेत पूर्ण होणार नाही, ही जाणीव कर्मचाऱ्यास सतत होऊ लागली की वेळेचे दडपण निर्माण होते. हे दडपण कर्मचाऱ्यास कार्यप्रवृत्त केव्हा करते आणि खचविते केव्हा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना

कर्मचारी आपल्या कामात शारीरिक, बौद्धिक व भावनिक अशा तिन्ही अंगांनी कितपत सहभागी होतो, या अर्थाने विल्यम कान यांनी १९९० मध्ये कार्यसमरसतेची संकल्पना मांडली. विल्मार शॉफेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उत्साह, समर्पण आणि तल्लीनता हे तिचे तीन घटक सांगितले. याउलट अवस्था म्हणजे बर्नआउट होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउट हा आजार नसून कामाशी निगडित अवस्था असल्याचे नमूद आहे. शक्तिक्षीणता, कामाविषयी दुरावा व घटलेली परिणामकारकता ही तिची लक्षणे होत.

दडपणाचे दुहेरी स्वरूप

मार्सी कॅव्हनॉ व सहकाऱ्यांनी २००० मध्ये कामातील ताणांचे ‘आव्हानरूप’ आणि ‘अडथळारूप’ असे वर्गीकरण केले. वेळेचे दडपण त्यांनी पहिल्या प्रकारात घातले, कारण मुदत पाळल्याने कर्तृत्वाचे समाधान लाभू शकते. परंतु हे समाधान आपोआप मिळत नाही. रॉबर्ट कॅरासेक यांच्या १९७९ च्या प्रारूपानुसार कामाची मागणी जास्त आणि काम कसे करावे यावर कर्मचाऱ्याचे नियंत्रणही जास्त असेल, तर तो शिकतो व सक्रिय राहतो. मागणी जास्त आणि नियंत्रण कमी असेल, तर मानसिक ताण सर्वाधिक असतो. २००१ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘मागण्या-संसाधने’ प्रारूपाने यात सहकाऱ्यांचे साहाय्य, योग्य साधने व प्रतिसाद यांची भर घातली. म्हणजेच दडपणाचा परिणाम केवळ मुदतीवर नव्हे, तर मुदतीसोबत काय दिले जाते यावर ठरतो.

मूल्यांकनाचे उदाहरण

उच्च शिक्षणातील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार परीक्षेचे निकाल ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत जाहीर होणे अपेक्षित आहे. ही मुदत विद्यार्थिहिताची असून तिच्याविषयी वाद नाही. २०१७ च्या उन्हाळी सत्रात मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांसाठी संगणकाच्या पडद्यावरील मूल्यांकन लागू केले. नवी प्रणाली, तांत्रिक अडचणी आणि अपुरी पूर्वतयारी यांमुळे काम रेंगाळले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले.

येथे परीक्षकांवरील मागणी वाढली. परंतु प्रणालीची निवड, तिचा वेग व उत्तरपत्रिकांची उपलब्धता यांपैकी काहीच त्यांच्या हाती नव्हते. कॅरासेक यांच्या प्रारूपातील सर्वाधिक ताणाची स्थिती ती हीच. मुदत पुन्हा पुन्हा सांगितल्याने अशा स्थितीत वेग वाढत नाही. वाढते ती केवळ धास्ती.

परिणामांची साखळी

दडपण अल्पकाळ टिकले व त्यानंतर विश्रांती मिळाली, तर खर्च झालेली शक्ती भरून निघते. ते कायमचे झाले की काम घरी येते, झोप कमी होते आणि दुसरा दिवस थकव्यानेच सुरू होतो. थकलेला कर्मचारी प्रथम तल्लीनता गमावतो, मग आपल्या कामाकडे अलिप्ततेने पाहू लागतो. याचे शारीरिक परिणामही गंभीर आहेत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो. मूल्यांकनासारख्या कामात तर परीक्षकाच्या थकव्याची किंमत अखेरीस विद्यार्थ्यास गुणांच्या रूपाने मोजावी लागण्याची शक्यता असते.

निष्कर्ष

वेळेचे दडपण पूर्णतः टाळणे शक्य नाही व आवश्यकही नाही. मात्र मुदत ठरविताना प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे मत घेणे, नवी साधने आधी पडताळून पाहणे, एका मुदतीच्या काळात दुसरे काम न लादणे आणि काम संपल्यावर विश्रांतीस अवकाश देणे या चार गोष्टी व्यवस्थापनाच्या आवाक्यातील आहेत. मुदत पाळली गेली नाही की कर्मचाऱ्याच्या निष्ठेविषयी शंका घेण्याची प्रथा आहे. त्याआधी त्याच्या हाती नियंत्रण व साधने किती होती, हे तपासणे न्यायाचे ठरेल. ती दिली असतील तरच मुदत आव्हान ठरते. अन्यथा ती केवळ ओझे होय.