अव्होकाडोची बी रुजवून धंदा होतो का? आधी हे वाचा

"सर, घरच्या घरी अव्होकाडोची रोपं करून विकता येतील का?" हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. येतील की! पण आपण नेमकं काय विकतोय हे आधी समजून घ्या. नाहीतर आज रोप घेऊन गेलेलं गिऱ्हाईक पाच वर्षांनी दारात येऊन विचारेल, "फळ कुठंय?"

बी रुजवणं सोपं

पिकलेल्या फळाची बी धुऊन लगेच लावा, वाळू देऊ नका. रुंद बाजू खाली, टोक वर आणि थोडं उघडं. टूथपिक लावून ग्लासातल्या पाण्यात ठेवायची पद्धत व्हिडिओत छान दिसते, पण विकायचं असेल तर थेट पिशवीतच लावा. मोड यायला २ ते ८ आठवडे लागतात. मोहने-आंबिवलीच्या पावसात पिशवीत पाणी साचलं की मुळं कुजलीच म्हणून समजा. पिशवीला भोकं पाडा, माती भुसभुशीत ठेवा आणि रोपं आडोशाला ठेवा.

मग अडचण कुठे?

हापूसची कोय लावली म्हणून हापूस येतो का? येतो तो रायवळ. अव्होकाडोचंही तसंच. बियांच्या झाडाला फळ कसं लागेल ते सांगता येत नाही आणि लागायला ५ ते १० वर्षं, कधी त्याहून जास्त जातात.

आता जगभर विकली जाणारी 'हास' जात बघा. कॅलिफोर्नियातले पोस्टमन रुडॉल्फ हास यांनी बी लावून वाढवलेलं एक झाड चांगलं निघालं. १९३५ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. मूळ झाड २००२ मध्ये मेलं, पण आजची हासची झाडं त्याच एका झाडाच्या कलमांतून आलेली आहेत. बी म्हणजे लॉटरी होती, धंदा उभा राहिला तो कलमावर.

तुमच्यापुढे दोन रस्ते

१. शोभेचं रोप: पानं सुंदर, बाल्कनीत छान दिसतं. चिठ्ठीवर स्पष्ट लिहा, 'बियांपासूनचं रोप, फळाची खात्री नाही.'

२. कलम: रोपाचं खोड पेन्सिलीएवढं झालं की फळ देणाऱ्या झाडाची काडी आणून पाचर कलम बांधा. आंब्याची कलमं बांधणारे हात कोकणात भरपूर आहेत, त्यांच्याकडे शिका. काडी निवडताना हवा बघा: हासला थंडावा मानवतो, आपल्या दमट उकाड्यात वेस्ट इंडियन प्रकार जास्त तग धरतो.

फळझाडांची रोपं विकण्यासाठी राज्यात १९६९ चा फळरोपवाटिका कायदा आहे. परवान्याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात आधीच करा.

हिशोब असा मांडा

समजा २० बिया लावल्या, १४ रुजल्या, ६ कलमं जगली. सगळा खर्च ६ ने भागा, २० ने नाही. त्यात माती, पिशव्या, काड्या आणि तुमची मजुरीही धरा. मग नफा लावून भाव ठरवा.

या आठवड्यात फक्त ५ बिया लावा आणि तारीख वहीत लिहा. किती रुजतात ते कळल्याशिवाय एकही ऑर्डर घेऊ नका. आपल्यासारख्या छोट्या गावात जाहिरात तोंडोतोंडीच होते, चांगलीही आणि वाईटही!